पहिले तीन सामने आणि उरलेले एकोणीस

प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला की मोहल्ल्यातली पोरे पहिल्या पंधरवड्यातच संघ बदलतात. सोमवारी जो मुलगा छाती ठोकून ‘आपली टीम’ म्हणत असतो, तो दोन हार झाल्यावर शुक्रवारी दुसऱ्याच संघाचे गोडवे गातो. त्याला विचारले तर तो सरळ सांगतो, “हरणाऱ्या टीमसोबत कोण राहणार?” मूल आठ-दहा वर्षांचे असले तर आपण हसतो आणि सोडून देतो. पण हेच वाक्य पुढे परीक्षेत मागे पडलेल्या भावाबद्दल, धंद्यात बुडालेल्या चाचांबद्दल, घरात नवी आलेल्या आणि पहिल्या महिन्यात स्वयंपाक बिघडवणाऱ्या भाभीबद्दल बोलले जाते, तेव्हा हसू येत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही आमच्या पानावर खेळाविषयी लिहीत आहोत.

आमच्या घरात सगळे ‘पुणेरी पलटण’चे आहेत. का, असे कोणी विचारले तर फार मोठे कारण नाही. मराठवाड्याचा स्वतःचा संघ या लीगमध्ये नाही. मुंबईचा ‘यू मुंबा’ आहे आणि पुण्याचा ‘पलटण’ आहे. आपल्या शहराचे नाव लावलेला क्रिकेटचा संघ महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३ साली आला, ‘छत्रपती संभाजी किंग्ज’. पण त्या वर्षी स्पर्धेचे सगळे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर झाले. नाव आपले, मैदान दुसऱ्याचे. आमखास मैदानावर किंवा गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात खेळणाऱ्या आपल्या पोरांनी मोठा सामना पाहायचा तो टीव्हीवरच. मग टीव्हीवर पाहायचेच आहे तर जवळचे कोण, हे बघून आम्ही पलटण निवडली. पुढे त्या संघात आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा एक मुलगा आला आणि ही निवड पक्की झाली. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

पण आधी हे सांगितले पाहिजे की हा संघ निवडणे म्हणजे सुखाचा सौदा नव्हता. प्रो कबड्डी २०१४ च्या जुलैमध्ये सुरू झाली, तेव्हा आठ संघ होते. पलटण आठवी आली. दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, पुन्हा आठवी. सलग दोन वर्षे तळाला. त्यानंतर २०१६ मध्ये तिसऱ्या आणि चौथ्या हंगामात संघाने तिसरा क्रमांक मिळवला, पण विजेतेपद काही हाती येत नव्हते. ज्यांच्या घरी तेव्हापासून पलटण आहे, त्यांना हरण्याची सवय आहे. अशी सवय वाईट नसते. ती माणसाला सामना शेवटपर्यंत बघायला शिकवते.

आता आठव्या हंगामाची गोष्ट. डिसेंबर २०२१. कोरोनामुळे एक वर्ष खेळ बंद होता. या वेळी सगळे सामने बंगळूरच्या एकाच ठिकाणी, प्रेक्षकांशिवाय. गॅलरी रिकामी, त्यामुळे चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम टीव्हीवर घरात बसून ऐकू यायचा. पलटणचे प्रशिक्षक होते अनुप कुमार, ज्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ चा विश्वचषक जिंकला. संघात नितीन तोमर आणि राहुल चौधरी हे दोन नावाजलेले चढाईपटू. कागदावर संघ तगडा. पहिल्याच सामन्यात दबंग दिल्लीने ४१-३० असे हरवले. दुसरा सामना तेलुगू टायटन्सशी, तो कसाबसा एका गुणाने जिंकला, ३४-३३. त्यानंतरही हारच जास्त. मोठ्या नावांच्या चढाया रिकाम्या परत येऊ लागल्या.

अशा वेळी प्रशिक्षकापुढे दोन रस्ते असतात. नावावर विश्वास ठेवून वाट पाहायची, किंवा बाकावर बसलेल्या पोरांना मॅटवर उतरवायचे. पलटणने दुसरा रस्ता धरला. मोहित गोयत आणि अस्लम इनामदार या दोन नव्या मुलांवर चढाईचा भार टाकला. दोघांची लीगमधली ती पहिलीच खेप होती. हळूहळू गुणतक्ता सरकू लागला. बारा संघांतून सहा संघ पुढे जातात. पलटण त्या सहांत पोहोचली. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाने ४२-३१ असे हरवून घरी पाठवले, हे खरे. पण डिसेंबरमध्ये ज्यांनी संघ सोडला होता, ते फेब्रुवारीत परत आले होते, आणि आमच्या मोहल्ल्यात ते मोठ्या आवाजात पलटणच्याच बाजूने ओरडत होते.

हा अस्लम इनामदार म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचा तो मुलगा. आपल्या शहरातून नगरच्या रस्त्याने निघालो, नेवाशाहून श्रीरामपूरकडे वळलो की वाटेत टाकळीभान लागते. ते त्याचे गाव. उसाचा मुलूख. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आईने मोलमजुरी करून घर चालवले. अशा घरात मूल ‘मला कबड्डी खेळायची आहे’ म्हणते, तेव्हा घरच्यांनी ‘हो’ म्हणणे किती अवघड असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. मजुरीचा एक दिवस बुडाला तर चुलीवर त्याचा परिणाम होतो. खेळाचे फळ कधी मिळेल, मिळेल की नाही, कोणालाच ठाऊक नसते. त्या माऊलीचा हंगाम किती वर्षे खराब सुरुवातीतच अडकून होता, याचा विचार केला की गुणतक्त्यातला आठवा क्रमांक फार छोटा वाटतो.

पुढचा, म्हणजे नववा हंगाम ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. संघ पुन्हा नव्याने बांधलेला. प्रशिक्षक बी. सी. रमेश. लिलावात इराणचे दोन खेळाडू घेतले, फजल अत्राचली एक कोटी ३८ लाखांना आणि मोहम्मद नबीबख्श ८७ लाखांना. फजल कर्णधार. आता तरी सुरुवात चांगली होईल असे वाटले. पहिला सामना पाटणा पायरेट्सशी ३४-३४ असा बरोबरीत सुटला. पुढचे दोन हरलो. तीन सामने झाले आणि विजय एकही नाही.

आमच्या घरात त्या रात्री चर्चा बरीच तापली. एकाने फजलला दोष दिला, एकाने प्रशिक्षकाला, एकाने पंचांना. दादीअम्मा तसबीह घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना बोनस रेषा आणि निदान रेषा यातला फरक माहीत नाही. त्यांनी एवढेच विचारले, “एकूण सामने किती?” बावीस, असे उत्तर मिळाले. “मग एकोणीस बाकी आहेत ना? इतक्यात मय्यतीला बसल्यासारखे का बसलात?” आणि त्या उठून इशाच्या तयारीला गेल्या.

चौथ्या सामन्यात यू मुंबाला ३०-२८ असे हरवून पहिला विजय मिळाला. त्यानंतर संघाने मागे वळून पाहिले नाही. साखळी संपली तेव्हा पलटण दुसऱ्या क्रमांकावर होती आणि थेट उपांत्य फेरीत गेली.

सुरुवात का बिघडते, हे समजून घेतले तर राग कमी होतो. कबड्डीत एका बाजूला सात गडी असतात. चढाई करणारा एकटा येतो, त्याच्याजवळ तीस सेकंद असतात. त्याला पकडायचे काम एकट्याचे नसते. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला तर त्याच क्षणी शेजारच्याने कंबर धरली पाहिजे, तिसऱ्याने मध्यरेषेकडची वाट अडवली पाहिजे. एक जण अर्धा सेकंद आधी झेपावला तर चढाईपटू निसटतो आणि जाता जाता दोघांना बाद करून जातो. हाताची साखळी धरून उभे राहणाऱ्यांना एकमेकांचा श्वास ओळखता यावा लागतो. तो लिलावात विकत मिळत नाही. एक कोपरा इराणचा, दुसरा हरियाणाचा, मधला नगरचा किंवा नाशिकचा. भाषा वेगळी, खाणे वेगळे, पकडीची पद्धत वेगळी. त्यांना एकमेकांची सवय व्हायला दिवस लागतात, आणि त्या सवयीची किंमत पहिल्या काही सामन्यांत मोजावी लागते.

नवी सून घरात येते तेव्हाही असेच असते. कोणी कुठे उभे राहायचे, कोण आधी बोलणार, कोणाला गोड चहा लागतो आणि कोणाला फिका, हे कोणी लिहून देत नाही. पहिल्या महिन्यातल्या चुका मोजून तिचा निकाल लावणारे घर आणि तीन सामन्यांत प्रशिक्षक बदला म्हणणारा प्रेक्षक, दोघांचा उतावळेपणा एकाच जातीचा.

लीगच्या जुन्या नियमात एक गोष्ट आम्हाला फार आवडायची. विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन. पण सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलात तर हरणाऱ्यालाही एक गुण मिळायचा. म्हणजे सामना हातातून गेला आहे हे कळले, तरी शेवटच्या दोन मिनिटांत जीव तोडून खेळायला कारण होते. बारा गुणांनी मागे असलेला संघ फरक सातवर आणण्यासाठी झटायचा. हंगामाच्या शेवटी कोण पुढे गेले आणि कोण मागे राहिले, हे कधी कधी अशा एकेका गुणावर ठरायचे. २०२५ च्या हंगामापासून ही पद्धत बदलली, आता विजयाला दोन गुण आहेत आणि हरणाऱ्याला काही नाही. नियम लीगचा आहे, तो त्यांनी बदलावा. पण घरातला नियम आपला आहे. ‘थोडक्यात हुकले, पण शेवटपर्यंत झटला’ याचा एक गुण घरात मुलाला मिळत राहिला पाहिजे.

नवव्या हंगामाचा शेवट मात्र गोड झाला नाही. उपांत्य सामन्यात पंकज मोहितेने कमाल केली आणि तमिळ थलायवाजला ३९-३७ असे हरवले. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत अंतिम सामना झाला. अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे बाहेर. जयपूरने ३३-२९ असे हरवले. दहा महिने मनात सल राहिला.

मग २०२३ चा ऑक्टोबर आला. चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा झाल्या. ७ ऑक्टोबरला पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण समोरासमोर. भारताच्या बाजूने टाकळीभानचा अस्लम, आणि इराणच्या बाजूने फजल, नबीबख्श आणि मोहम्मदरझा शादलू. शेवटी एका चढाईच्या गुणांवरून असा वाद झाला की सामना बराच वेळ थांबला, खेळाडू मॅटवर बसून राहिले. अखेर भारताने ३३-२९ असे सुवर्ण जिंकले. त्याच दिवशी भारताच्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्ण मिळवले, आणि ते त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक ठरले. आमच्या घरातल्या मुलींनी हा शंभरावा आकडा अजून जपून ठेवला आहे. भाऊ जास्त बोलू लागले की त्या तो बाहेर काढतात.

त्यानंतर दोनच दिवसांनी लीगचा लिलाव झाला आणि पलटणने दोन कोटी ३५ लाख रुपये मोजून त्याच शादलूला घेतले. परवापर्यंत जो समोर उभा होता, तो आता अस्लमच्या नेतृत्वाखाली खेळणार होता. कारण या हंगामापासून पलटणचा कर्णधार अस्लम होता. त्या वर्षी साखळीच्या २२ सामन्यांपैकी पलटण फक्त दोन हरली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून दहा वर्षांत पहिल्यांदा करंडक उचलला. हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमचे नाव पुकारले गेले.

इथे गोष्ट संपवली असती तर छान वाटले असते. पण खेळ तसा संपत नाही, आणि आयुष्यही नाही. अकराव्या हंगामात, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, पलटण विजेती म्हणून उतरली. सुरुवात दणक्यात झाली. पहिल्या सामन्यात हरियाणाला पुन्हा हरवले. शादलू आता हरियाणाकडे गेला होता, तरी पलटण जोरात होती. मधल्या टप्प्यात अस्लम दुखापतीने बाहेर बसला आणि संघाचा सूर हरवला. पहिल्या सहांतही जागा मिळाली नाही. बाद फेरीचे सामने त्या वर्षी पुण्यात, बालेवाडीला होते. यजमानाच्या अंगणात लग्न आणि यजमानालाच बोलावणे नाही, अशी गत. करंडक हरियाणाने नेला. पुढच्या वर्षी पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी, तीन गुणांनी हरली.

आता हे चार-पाच हंगाम एकत्र ठेवून पाहा. वाईट सुरुवात झाली आणि शेवट बरा झाला. वाईट सुरुवात झाली आणि संघ अंतिम फेरीत गेला. चांगली सुरुवात झाली आणि करंडक मिळाला. चांगली सुरुवात झाली आणि संघ सहांतही आला नाही. पहिल्या आठवड्यावरून सांगता येण्यासारखे यात काही नाही. जुलैच्या घटक चाचणीत गणितात कमी गुण मिळालेल्या मुलाचा मार्चमधला निकाल आपण ज्या खात्रीने सांगून टाकतो, ती खात्री कुठून येते?

सामना पाहताना मोठ्यांच्या तोंडून जे निघते, ते मुले साठवतात. ‘हा तर फुकट गेला’, ‘याला काढून टाका’, ‘याच्यात दमच नाही’ असे आपण टीव्हीतल्या खेळाडूला म्हणतो. शेजारी बसलेला मुलगा ते स्वतःला लावून घेतो. त्याला वाटते, अब्बांच्या संघात राहायचे तर हरून चालणार नाही. मग तो चाचणीची उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी लपवतो. खेळाडूवर टीका करू नये असे नाही. पण ‘या चढाईत घाई केली’ आणि ‘याच्यात दमच नाही’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिले वाक्य दुरुस्ती सुचवते, दुसरे दार बंद करते.

आणखी एक गोष्ट. काही वर्षे सामन्याचा ताबा मोबाइलने घेतला होता. पोरे संघ पाहत नव्हती, ‘टीम लावत’ होती. पन्नास रुपये, शंभर रुपये. आपला आवडता संघ हरला तरी चालेल, पण आपण लावलेल्या गड्याने गुण मिळवले पाहिजेत. त्याला खेळाचे ज्ञान, कौशल्य अशी गोड नावे होती. पैसे लावायचे, नशिबावर सोडायचे आणि दुसऱ्याच्या हरण्यातून कमवायचे, याला आपल्या घरात जुवा म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. कबड्डीचा बारावा हंगाम त्यानंतर आठवड्याभरात सुरू झाला. पण कायद्याने दार बंद केले म्हणून खिडक्या बंद होत नाहीत. गल्लीतल्या पैजा आहेत, टेलिग्रामवरचे गट आहेत. मुलगा सामना पाहताना स्क्रीनऐवजी फोनकडे जास्त बघत असेल, अनोळखी खेळाडू बाद झाल्यावर त्याचा चेहरा पडत असेल, तर शांतपणे बाजूला घेऊन विचारा. ओरडून विचारले तर खरे कळणार नाही. संघावर प्रेम असणारा मुलगा हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला बसतो. पैसा लावणारा मुलगा हरल्यावर उसने मागायला जातो.

ज्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला स्वतः खेळायचे आहे, त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. शालेय कबड्डी स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत, मुलांच्या आणि मुलींच्या वेगळ्या होतात. त्या तालुका किंवा शहर पातळीपासून जिल्हा, विभाग आणि राज्यापर्यंत जातात. नाव शाळेमार्फत जाते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच क्रीडा शिक्षकांना भेटा. जन्मदाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव, तारीख जुळते का ते आधीच पाहून घ्या; ऐन वेळी यात मुले अडकतात. ठरलेल्या पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीत वाढीव क्रीडागुण मिळतात, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, भिंतीवर लावून उन्हाने पुसू देऊ नका. आणि सराव संध्याकाळी असेल तर प्रशिक्षकांशी मगरिबच्या वेळेबद्दल आधीच बोलून ठेवा. नीट सांगितले तर बहुतेक जण दहा मिनिटांची सवलत देतात.

सगळीच मुले अस्लम होणार नाहीत. बहुतेक मुले जिल्ह्यापर्यंत जातील, काही विभागापर्यंत, आणि मग नोकरी-धंद्याला लागतील. पण ज्याने धूळ झटकून पुन्हा मध्यरेषा ओलांडायची सवय लावून घेतली, तो रोशन गेटजवळ दुकान टाकेल तेव्हा पहिले तीन महिने गिऱ्हाईक नाही म्हणून शटर ओढून घेणार नाही.

तेव्हा या हंगामात एवढेच करू या. मुलांना एक संघ निवडू द्यावा, कोणताही. मग हंगाम संपेपर्यंत तो बदलायचा नाही, अशी घरात अट ठेवावी. हरलेल्या रात्री आपल्या संघातला कोणता गडी चांगला खेळला, हे प्रत्येकाने जेवताना सांगावे. आणि कोणाच्या घरी एखाद्याची सुरुवात यंदा खराब झाली असेल, शाळेत, नोकरीत किंवा सासरी, तर दादीअम्मांचा प्रश्न त्याच्यासाठीही विचारावा. एकूण सामने किती, आणि बाकी किती आहेत?